हॉलंडेज दोनदा फुटला, पण दोन वेगळ्या कारणांनी

प्रश्न थोडक्यात असा: "घरी दोनदा हॉलंडेज (अंड्याचा बलक आणि बटरचा गरम सॉस) केला, दोन्ही वेळा फुटला. तीन बलक, 250 ग्रॅम बटर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, आणि बाऊलखाली उकळतं पाणी. पहिल्या वेळी बटर नुसतं वितळवून घातलं, तर सॉसमध्ये दाणे आले. दुसऱ्या वेळी एका व्हिडिओत बघून बटर निथळून घेतलं, म्हणजे वितळवून वरचा स्निग्धांश तेवढा वेगळा काढला, 250 ग्रॅम मोजलं आणि थेंब थेंब घातलं. शेवटपर्यंत छान चाललं होतं, मग एकदम तेल सुटलं. बटर अजून हळू घालू का? थर्मामीटर घ्यावाच लागेल का? आठ जण जेवायला येणार आहेत, अर्धा-पाऊण तास आधी करून ठेवता येईल का?"

बटर अजून हळू घालून काही हाती लागणार नाही. पहिल्या वेळी तुमचं अंडं जास्त शिजलं आणि दुसऱ्या वेळी सॉसमध्ये पाणी कमी पडलं. दोन्हीला आपण "फुटला" म्हणतो, त्यामुळे उपायही एकच असेल असं वाटतं. तसं नसतं. पहिल्याला आच कमी करावी लागते. दुसऱ्या वेळी आच कितीही सांभाळली असती तरी त्या मापात तो सॉस टिकणं अवघडच होतं.

मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये सॉस केले आणि आता नवीन मुलांना शिकवते. सगळ्यांचे डोळे बटरच्या धारेवर असतात. पाण्याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी ठेवतं. तुमच्या दुसऱ्या खेपेला नेमकं तेच झालंय, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करते.

हॉलंडेज म्हणजे पाण्यात पसरलेले बटरच्या स्निग्धांशाचे अतिशय बारीक थेंब. हे थेंब परत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण धरतात. बलकाची ही ताकद भरपूर असते. एका बलकात तुम्ही घालता त्याच्या कितीतरी पट बटर सामावू शकतं, पण थेंबांना एकमेकांपासून लांब ठेवायला मधे पाणी हवं. स्निग्धांश वाढत गेला आणि पाणी तेवढंच राहिलं, तर थेंब इतके दाटीवाटीने बसतात की थोडं जास्त फेटलं किंवा थोडी उष्णता वाढली तरी आवरणं तुटतात, थेंब एकत्र येतात आणि तेल वर येतं.

आता तुमचंच माप घ्या. मोठ्या अंड्याचा बलक साधारण 18 ग्रॅमचा असतो आणि त्यात निम्मं पाणी. म्हणजे तीन बलकांचं सव्वीस-सत्तावीस मिली. एक मोठा चमचा लिंबाचा रस 15 मिली. साध्या बटरमध्ये 80 ते 82 टक्के स्निग्धांश आणि साधारण 16 टक्के पाणी असतं, बाकी दुधाचे घटक. पहिल्या खेपेला 250 ग्रॅम बटरबरोबर तुमच्या नकळत जवळजवळ 40 मिली पाणी बाऊलमध्ये आलं होतं. सगळं मिळून 80 मिलीच्या आसपास. दुसऱ्या खेपेला तुम्ही बटर निथळलंत, म्हणजे ते 40 मिली बाहेर राहिलं. वर निथळल्यानंतर 250 ग्रॅम मोजलंत, त्यामुळे स्निग्धांश सुमारे 205 ग्रॅमवरून 250 वर गेला. पाणी निम्मं आणि बटर सव्वापट! शिवाय थेंब थेंब घालण्यात वेळ गेला, तेवढा वेळ बाऊल वाफेवर होता आणि असलेलं पाणीही उडत होतं. म्हणून म्हटलं, बटर हळू घातल्यामुळे तुमचा सॉस वाचला तर नाहीच, उलट पाणी कमी होण्यात थोडी भरच पडली.

निथळलेलं बटर वाईट, असं कृपया समजू नका. किचनमध्ये आम्ही तेच वापरायचो, कारण ते आधी करून गरम ठेवता येतं आणि सॉसमध्ये पाणी किती गेलं ते आपल्या हातात राहतं. सॉसही दाट होतो. फक्त जे पाणी काढून टाकलं ते दुसऱ्या रूपात परत द्यावं लागतं. साध्या बटरचा सॉस थोडा सैल होतो, पण दुधाच्या घटकांमुळे चव जास्त भरलेली लागते. मला घरी मधला मार्ग बरा वाटतो. बटर मंद आचेवर वितळवायचं, पाच मिनिटं स्थिर ठेवायचं, वरचा पिवळा भाग ओतत जायचा आणि तळाशी बसलेलं दुधाळ पाणी भांड्यातच ठेवायचं. ते टाकू नका. सॉस घट्ट व्हायला लागला की पातळ करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता पहिल्या खेपेचे दाणे. बलक साधारण 65 अंश सेल्सियसला दाट व्हायला लागतो आणि 70 च्या आसपास आळतो. पाणी आणि आंबटपणा मिसळला की ही मर्यादा थोडी वर सरकते, पण आपण ज्या पट्ट्यात काम करतो तो अरुंदच असतो. बलक कमी तापले तर सॉस पातळ आणि कच्चट लागतो, जास्त तापले तर प्रथिनं गोळा होऊन रवाळ दाणे होतात. तुम्ही "उकळतं पाणी" लिहिलंय, मला तिथेच शंका आली. खळखळ उकळणाऱ्या पाण्याची वाफ 100 अंशांची असते आणि स्टीलचा पातळ बाऊल ती लगेच आत पोचवतो. त्यात बाऊलचा तळ पाण्याला टेकत असेल तर तळाशी थर धरायला काही सेकंद पुरतात. पातेल्यात दोन बोटं पाणी घ्या, उकळी आली की गॅस अगदी बारीक करा, पाणी नुसतं थरथरत राहायला हवं. बाऊलचा तळ आणि पाणी यांत निदान तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा.

बाऊल स्टीलचा, गोल तळाचा घ्या. काचेचा उशिरा तापतो आणि खाली उतरवल्यावरही बराच वेळ शिजवत राहतो, नवख्या हाताला ते त्रासाचं होतं. ॲल्युमिनियमचा नकोच, आंबटामुळे सॉसवर करडी झाक येते.

माझं माप असं: तीन बलक, 30 मिली पाणी, 200 ग्रॅम बटर, 15 मिली लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर तिखट किंवा पांढरी मिरी. साधारण 300 ग्रॅम सॉस होतो, आठ जणांना माणशी दोन चमचे सहज पुरतो. 250 ग्रॅम बटर घालता येतं, अनुभवी हात याहूनही जास्त घालतात, पण आधी 200 वर हात बसू द्या. चवीत फारसा फरक कळत नाही आणि चुकायला जागा बरीच मिळते.

लिंबाचा अर्धा रस आणि पाणी सुरुवातीलाच बलकात घाला. आंबटामुळे बलकाची प्रथिनं एकदम गोळा होत नाहीत, आच थोडी जास्त झाली तरी सांभाळून घेतात. उरलेला रस शेवटी, चव बघून. जुन्या पद्धतीत लिंबाऐवजी व्हिनेगर, पाणी आणि ठेचलेली मिरी आटवून तो अर्क गाळून घालतात. चव छान येते, पण आटवल्यावर किती उरलं ते मोजत जा. दोन चमचे समजून घातलं आणि प्रत्यक्षात अर्धा चमचाच उरला होता, तर परत पाण्याचीच गोष्ट.

बटर घालायच्या आधी बलक नीट फेटून दाट करणं हा खरा कामाचा भाग, आणि घाई तिथेच होते. बाऊल वाफेवर ठेवा आणि व्हिस्क (तारांची फेटणी) तळाला आणि कडांना लागेल असं सतत फिरवा. कडेला चिकटलेला पातळ थर सगळ्यांत आधी शिजतो, मग तोच दाणे बनून आत येतो. सुरुवातीला मोठे, सैल बुडबुडे दिसतात. मिनिटभरात ते बारीक होतात, रंग गडद पिवळ्यावरून फिका होतो आणि मिश्रण फुगतं. मग व्हिस्कच्या मागे बाऊलचा तळ क्षणभर उघडा दिसायला लागतो. व्हिस्क उचलला तर पडणाऱ्या धारेची रेघ पृष्ठभागावर थोडी टिकते आणि मग बुडते. मिश्रणातून स्वतःची वाफ निघताना दिसली की त्याच क्षणी बाऊल उतरवा, फेटणं थांबवू नका. उतरवल्यावरही बाऊलची उष्णता अर्धा मिनिट काम करत असते. मुलांना मी सांगते, शंका आली की आधी उतरवा, विचार नंतर करा. परत वाफेवर ठेवायला काही लागत नाही.

थर्मामीटरचं विचारलंत. घ्यावाच असं नाही, वरच्या खुणा पुरतात. पण पहिले काही वेळा जवळ असला तर डोळ्यांना जे दिसतं त्याला आकडा मिळतो, मग नंतर लागत नाही. बलक 62 ते 65 अंशांवर आले की बटर सुरू करा. बटर 50 ते 60 अंशांचं असावं, म्हणजे बोट घातलं तर चांगलं गरम लागेल पण चटका बसणार नाही. फ्रीजमधून काढून जेमतेम वितळवलेलं कोमट बटर सॉस थंड करतं, आणि कढकढीत बटर बलक शिजवतं.

बाऊल खाली ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे फिरणार नाही आणि तुमचा एक हात मोकळा राहील. पहिले दोन-तीन चमचे बटर खरोखर थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी पूर्ण मिसळू द्या. एकदा सॉस बांधला गेला, म्हणजे चकाकी एकसारखी झाली, की बारीक सलग धार धरायला हरकत नाही. तिथून पुढे थेंब थेंब घालत बसलात तर सॉस थंड होतो, मग तुम्ही तो परत वाफेवर ठेवता, पाणी उडतं, आणि दुसऱ्या खेपेची पुनरावृत्ती होते.

सॉस फुटायच्या आधी सूचना देतो, ती ओळखायला शिका. तो जड होतो, व्हिस्कला ओढ लागते, रेघा न मिटता तशाच राहतात आणि कडेला, जिथे सॉस बाऊलला भिडतो, तिथे तेलाची बारीक चकचकीत रेघ दिसते. बऱ्याच जणांना हा घट्टपणा बघून वाटतं की सॉस उत्तम जमतोय आणि ते अजून बटर ओततात. तिथे थांबा. एक छोटा चमचा कोमट पाणी किंवा ते राखलेलं दुधाळ पाणी घाला आणि फेटा. सॉस डोळ्यांदेखत सैल होतो, तेलकट चकाकी जाऊन सायीसारखी मऊ होते. मग पुढचं बटर.

आणि तरी फुटलाच तर? आधी थोडा सॉस दोन बोटांत घेऊन चोळा. नुसता तेलकट, गुळगुळीत लागला तर अंडं शाबूत आहे आणि सॉस नक्की परत येतो. स्वच्छ बाऊलमध्ये एक मोठा चमचा कोमट पाणी घ्या आणि फुटलेला सॉस त्यात चमचा चमचा घालत जोरात फेटत जा. सगळा उलट त्या पाण्यात घालायचा, पाणी सॉसमध्ये ओतायचं नाही, कारण आता पाण्याच्या बाजूने नवीन सुरुवात करायची असते. सॉस खूप गरम असेल तर हेच पाणी थंड घ्या.

बोटांना रव्यासारखे कण लागले तर अंडं शिजलंय. थोडेच कण असतील तर बारीक गाळणीतून गाळा, मग एक नवीन बलक चमचाभर पाण्यात वाफेवर दाट करून त्यात गाळलेलं मिश्रण हळूहळू फेटा. दिसायला सॉस ठीक होतो, उकडलेल्या अंड्याचा वास मात्र थोडा राहतो. घरच्या जेवणाला मी चालवून घेईन, आठ पाहुण्यांना नाही. गोळेच झाले असतील तर सोडून द्या, परत करायला दहा मिनिटं लागतात.

तिसरा प्रकार थंडीने होतो. बटर घट्ट व्हायला लागतं, सॉस निस्तेज आणि चिकट दिसतो. त्याला फुटलेला समजून लोक फेकतात. बाऊल काही सेकंद वाफेवर धरा, चमचाभर गरम पाणी घाला, फेटा, तो परत येतो.

इतका उपद्व्याप नको असेल तर हँड ब्लेंडर आहे, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. उंच, अरुंद भांड्यात बलक, पाणी, लिंबाचा रस आणि मीठ घ्या. बटर यावेळी चांगलं गरम हवं, 90 अंशांच्या आसपास, कारण बलक त्याच उष्णतेवर शिजणार असतात. ब्लेंडर तळाला टेकवून चालू करा आणि बटर बारीक धारेने सोडा, मिनिटभरात सॉस तयार. भांडं रुंद असेल तर बलक पात्याखाली जात नाहीत आणि सगळं फसतं, एवढी एकच अट. हाताने फेटलेल्या सॉसचा हलकेपणा यात येत नाही. पोच केलेल्या अंड्यांवर घालायचा असेल तर मला हा दाटपणा आवडतो, शतावरीच्या कोंबांवर किंवा माशावर हाताचा सैलसर सॉस बरा दिसतो.

आता आठ जणांचं जेवण. अर्धा-पाऊण तास आधी सॉस करून ठेवता येतो, अगदी आरामात. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओतून टाका, कोरडा करा आणि सॉस भरा. सॉस थोडा सैल असतानाच भरा, कारण बसल्यावर तो घट्ट होतो. थर्मास नसेल तर बाऊल कोमट पाण्यात ठेवा, गॅस बंद, वर झाकण, आणि दर दहा मिनिटांनी फेटा. वाढायच्या आधी चमचाभर गरम पाणी घालून एकदा फेटून घ्या. बटर वितळवून निथळणं, लिंबू पिळणं, बलक वेगळे करणं एवढं आधी उरकलंत, तर पाहुणे आल्यावरही सॉस करता येईल. मी स्वतः तेच करते.

तासाभराच्या पुढे मात्र ठेवू नका, दोन तास म्हणजे शेवटची हद्द. हा सॉस ज्या तापमानात टिकतो ते जिवाणूंनाही मानवतं, आणि त्यातला बलक साल्मोनेला नक्की मरेल इतका शिजलेला असेलच असं नाही. पाहुण्यांत गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर पाश्चराइज केलेली अंडी वापरा. त्यांचे बलक दाट व्हायला मिनिटभर जास्त घेतात, बाकी कृती तीच. ताटलीत उरलेला सॉस टाकून द्या. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करायला गेलात तर तो जवळजवळ नक्कीच फुटतो, आणि तेव्हा चमचाभर पाणी उपयोगी पडेलच असं नाही.